इंग्लंडमधील पॅरिश कौन्सिल : अधिकार थोडे, हिशेब उघडा

इंग्लंडच्या ग्रामीण भागात चर्चच्या फाटकाजवळ, गावाच्या सभागृहाच्या भिंतीवर किंवा बसथांब्याशेजारी काचेचे दार असलेला एक सूचनाफलक हमखास दृष्टीस पडतो. त्यात लावलेला कागद म्हणजे त्या गावाच्या पॅरिश कौन्सिलच्या आगामी बैठकीची नोटीस होय. मागील बैठकीचे इतिवृत्त कायम करणे, दफनभूमीतील गवत कापण्याचे कंत्राट, एका रहिवाशाने घराच्या वाढीव बांधकामासाठी केलेला अर्ज, शाळेसमोरून भरधाव जाणारी वाहने, कमी होत चाललेल्या बसफेऱ्या, खेळाच्या मैदानावरील मोडका झोपाळा असे विषय तीत ओळीने नमूद केलेले असतात. ग्रामपंचायतीच्या सभेची विषयपत्रिका ज्याने पाहिली आहे, त्याला यात अपरिचित असे काही वाटणार नाही. तथापि या साध्या कागदामागील व्यवस्था आपल्याकडील पंचायतीहून बऱ्याच बाबतींत भिन्न आहे.

इंग्लंडमध्ये पॅरिश व टाउन कौन्सिलांची संख्या सुमारे १०,००० असून त्यांचे सदस्य एक लाखाच्या घरात आहेत. काही कौन्सिलांच्या हद्दीत दीडदोनशे घरे असतात, तर काहींच्या हद्दीत हजारो लोकवस्तीचे बाजाराचे गाव असते. अशा मोठ्या गावाची कौन्सिल स्वतःस टाउन कौन्सिल म्हणवून घेऊ शकते आणि तिच्या अध्यक्षास मेयर म्हणतात. महानगरांच्या बऱ्याच भागांत ही संस्था अस्तित्वातच नाही. देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक तृतीयांश लोकच पॅरिश क्षेत्रात राहतात. त्यामुळे ही मुख्यत्वे खेड्यांची आणि छोट्या गावांची संस्था आहे.

चर्चच्या खोलीतून सभागृहाकडे

‘पॅरिश’ हा शब्द मूळचा धर्मव्यवस्थेतील आहे. एका चर्चच्या सेवाक्षेत्रास पॅरिश म्हणत. १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने निराधारांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि त्यासाठी कर बसविण्याचा अधिकारही दिला. धर्मगुरूंची वस्त्रे ठेवण्याच्या खोलीस व्हेस्ट्री म्हणत. ग्रामस्थांची सभा तेथे भरे, म्हणून त्या सभेलाच व्हेस्ट्री हे नाव पडले. ही सभा सर्वांची म्हणून सुरू झाली असली तरी तिच्यात जमीनदार व धनवंत यांचेच वर्चस्व होते. १८१८ च्या कायद्याने तर त्या वर्चस्वावर शिक्कामोर्तब केले. ज्याची करपात्र मालमत्ता मोठी, त्यास एकाहून अधिक, कमाल सहा मते देण्याची तरतूद त्यात होती. सहा मतांच्या मालकासमोर शेतमजूर काय बोलणार?

हे चित्र पालटण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. वॉरिकशायरमधील जोसेफ आर्च या शेतमजुराने १८७२ मध्ये शेतमजुरांची संघटना उभारली. १८८४ मध्ये ग्रामीण भागातील कुटुंबप्रमुख पुरुषांना संसदेसाठी मताधिकार मिळाला आणि पुढच्याच वर्षी आर्च स्वतः संसदेवर निवडून आले. खेड्यातील मजूर देशाच्या संसदेसाठी मत देऊ शकतो, मग स्वतःच्या गावाच्या कारभारात त्याला समान मत का नसावे, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही. ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळातील हेन्री फौलर यांनी मांडलेले विधेयक मार्च १८९४ मध्ये कायद्यात रूपांतरित झाले. त्याने गावाचा नागरी कारभार चर्चपासून अलग केला, ३०० किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या प्रत्येक ग्रामीण पॅरिशला निर्वाचित कौन्सिल दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिल्या निवडणुका पार पडल्या. या निवडणुकांत विवाहित स्त्रियांनाही मत देता आले आणि उमेदवार म्हणून उभे राहता आले. संसदेच्या निवडणुकीत इंग्लंडमधील स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९१८ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे महत्त्व कळते.

या कायद्यातील दोन बारीक तरतुदी विशेष लक्ष वेधून घेतात. ग्रामस्थांची सभा सायंकाळी सहाच्या आत सुरू करता येणार नाही, ही पहिली. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसास सभेस येता यावे, हा तिचा अर्थ. गावात दुसरी योग्य जागा विनामूल्य किंवा वाजवी भाड्याने मिळत असेल तर मद्यविक्रीच्या ठिकाणी सभा भरविता येणार नाही, ही दुसरी. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याने जुन्या ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिली १ एप्रिल १९७४ पासून मोडीत काढल्या, परंतु पॅरिश कौन्सिली ठेवल्या आणि या दोन्ही तरतुदीही जवळजवळ जशाच्या तशा पुढे चालू ठेवल्या. कायद्याचे कलम लिहिताना सभेला कोण येऊ शकेल आणि कोण येऊ शकणार नाही, याचा इतका विचार केलेला क्वचितच आढळतो.

कौन्सिल आणि ग्रामस्थांची सभा

पॅरिश कौन्सिलमध्ये किमान पाच सदस्य असावे लागतात. त्यांची मुदत सर्वसाधारणपणे चार वर्षांची असते. अध्यक्षाची निवड दरवर्षी मे महिन्यात सदस्य आपल्यातूनच करतात आणि समान मते पडल्यास अध्यक्षास निर्णायक मत देता येते. वर्षातून वार्षिक बैठक धरून किमान चार बैठका घ्याव्याच लागतात, मात्र बहुतेक कौन्सिली याहून अधिक घेतात. बैठकीची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी ठळक ठिकाणी लावणे बंधनकारक आहे, आणि जो विषय नोटिशीत नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. गणपूर्तीसाठी एक तृतीयांश, परंतु कोणत्याही स्थितीत तीनाहून कमी नव्हे, एवढे सदस्य उपस्थित असले पाहिजेत.

याहून वेगळी आहे ती पॅरिश मीटिंग. आपल्या ग्रामसभेशी जुळणारी संस्था हीच. गावातील प्रत्येक मतदारास तीत बोलण्याचा व मत देण्याचा अधिकार आहे, आणि १ मार्च ते १ जून या अवधीत ती वर्षातून एकदा भरविलीच पाहिजे. अगदी लहान गावात कौन्सिल नसते. तेथे ही सभाच कारभार पाहते. कौन्सिलच्या नेहमीच्या बैठकीत मात्र नागरिकास केवळ बसून ऐकण्याचा हक्क आहे. बोलण्याचा हक्क कायद्याने दिलेला नाही. तरीही बहुतेक कौन्सिली आपल्या नियमांनुसार सुरुवातीची काही मिनिटे ग्रामस्थांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवतात. बसून ऐकण्याचा हा हक्क १९६० च्या एका कायद्याने दृढ झाला. तो कायदा खाजगी विधेयक म्हणून मांडला होता नव्याने निवडून आलेल्या मार्गारेट थॅचर यांनी, आणि संसदेतील त्यांचे पहिलेच भाषण या विधेयकावर झाले. २०१४ च्या नियमांनी नागरिकांना बैठकीचे ध्वनिमुद्रण व चित्रीकरण करण्याचीही मुभा दिली.

कौन्सिलच्या पगारी सेवकास क्लार्क म्हणतात. या शब्दावरून आपल्याकडील लिपिकाची कल्पना करणे चुकीचे ठरेल. आपल्या ग्रामसेवकाचे काम आठवावे, म्हणजे क्लार्कच्या कामाची थोडीफार कल्पना येईल. लहान गावात हे पद आठवड्यातून काही तासांचेच असते आणि अनेकदा एकच क्लार्क दोनतीन गावांचे काम पाहतो. नोटीस काढणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब ठेवणे ही कामे तर आहेतच. पण त्याचे खरे काम वेगळे आहे. कौन्सिल जे करू पाहते ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली बसते, हे त्याने सांगावयाचे असते. कारण कायद्याने ज्याची परवानगी दिली नाही, ते पॅरिश कौन्सिल करू शकत नाही. २०११ च्या लोकलिझम कायद्याने या नियमास अपवाद निर्माण केला. ज्या कौन्सिलचे दोन तृतीयांश सदस्य निवडणुकीने आलेले आहेत आणि जिचा क्लार्क विहित परीक्षा उत्तीर्ण आहे, तिला सर्वसाधारण अधिकार घेता येतात. इतरांसाठी जुन्या १९७२ च्या कायद्यातील कलम १३७ हीच पळवाट म्हणावी लागेल. दुसऱ्या कोणत्याही कलमात न बसणारा, पण गावाच्या हिताचा खर्च या कलमाखाली करता येतो. परंतु दर मतदारामागे त्याची कमाल मर्यादा दरवर्षी ठरविली जाते. २०२४-२५ साठी ती १० पौंड ८१ पेन्स होती.

सभेचे नियम कशासाठी असतात, याचा एक विनोदी आणि थोडा खेदजनक धडा चेशायरमधील हँडफर्थ येथे मिळाला. साथीच्या काळात बैठका दूरस्थ पद्धतीने होत असत. डिसेंबर २०२० मधील अशा एका बैठकीत सदस्यांत इतकी खडाजंगी झाली, की बैठकीस साहाय्य करणाऱ्या जॅकी वीव्हर या अधिकारी महिलेने अध्यक्षांनाच पडद्याआड पाठविले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली आणि वीव्हर यांचे सर्वत्र कौतुक झाले. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालात मात्र त्यांना तसे करण्याचा औपचारिक अधिकार नव्हता, असे म्हटले गेले. सदस्यांचे वर्तन समर्थनीय नव्हते हे खरे, पण अधिकाराचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

पैसा कोठून येतो

पॅरिश कौन्सिलचे वैशिष्ट्य कोणते, असे विचारल्यास प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर तिच्या उत्पन्नात आहे. आपल्या ग्रामपंचायतींना घरपट्टी व पाणीपट्टीखेरीज वित्त आयोगाचे व शासनाचे अनुदान मिळते, आणि अनेक पंचायतींचा मोठा आधार तोच असतो. इंग्लंडच्या पॅरिश कौन्सिलला केंद्र शासनाकडून असे नियमित अनुदान मिळत नाही. ती आपल्या गरजेचा आकडा ठरवून वरच्या कौन्सिलकडे कळविते. या मागणीस प्रीसेप्ट म्हणतात. वरची कौन्सिल घरांवरील कौन्सिल टॅक्समध्ये ती रक्कम मिळवून वसूल करते आणि पॅरिशकडे सुपूर्द करते. वसुलीची दगदग गावाला नाही, पण आकारणीचे उत्तरदायित्व मात्र पूर्णपणे गावाचे.

हिशेबाची रीत सोपी आहे. १९९३ पासून अमलात असलेल्या या करासाठी घरांची १९९१ च्या किमतीनुसार ए ते एच अशा आठ गटांत विभागणी केलेली आहे. डी हा गट प्रमाण मानतात. सर्वांत वरच्या एच गटातील घरास डी गटाच्या दुप्पट, तर ए गटातील घरास दोन तृतीयांश कर पडतो. समजा, एखाद्या गावात डी गटाच्या हिशेबाने ४०० घरे भरतात आणि कौन्सिलला वर्षासाठी २०,००० पौंड हवे आहेत. तर डी गटातील घरावर वर्षाला ५० पौंड येतील. करबिलात पॅरिशची रक्कम वेगळ्या ओळीत छापलेली असते. म्हणजे झोपाळा दुरुस्त करण्याचे, दिवे बदलण्याचे किंवा क्लार्कचे तास वाढविण्याचे जे काही ठरले, त्याचा भार प्रत्येक घरमालकास एप्रिलमध्ये स्वतःच्या बिलावर दिसतो. १८९४ च्या कायद्याने मात्र यावर कडक लगाम घातला होता. करमूल्याच्या प्रत्येक पौंडामागे तीन पेन्सहून अधिक कर लागत असेल तर ग्रामस्थांच्या सभेची संमती आवश्यक होती.

हिशेब पाहण्याचा हक्कही तितकाच स्पष्ट आहे. दरवर्षी सलग ३० कामाचे दिवस कौन्सिलची वह्याखाती नागरिकांस पाहण्यासाठी खुली ठेवावी लागतात आणि त्यात जुलैमधील पहिले दहा कामाचे दिवस असावेच लागतात. मतदार लेखापरीक्षकास प्रश्न विचारू शकतो, आक्षेपही घेऊ शकतो. ज्यांची वार्षिक उलाढाल २५,००० पौंडांहून अधिक नाही, अशा लहान कौन्सिलींना बाह्य लेखापरीक्षणातून सूट घेता येते. पण त्या बदल्यात त्यांनी आपला जमाखर्च, इतिवृत्ते व १०० पौंडांवरील प्रत्येक खर्च जाहीर केला पाहिजे. सदस्याने आपले आर्थिक हितसंबंध नोंदवहीत लिहून द्यावे लागतात. वाजवी कारणावाचून ते दडविणे हा २०११ च्या कायद्यानुसार फौजदारी गुन्हा आहे.

करता येते ते आणि न येणारे

रस्त्यातील खड्डे, शाळा आणि वृद्धांची काळजी हे विषय काउंटीच्या किंवा एकत्रित कौन्सिलच्या अखत्यारीत येतात. पॅरिशकडे उरतात ती पदपथ, पथदिवे, बसथांब्यावरील निवारा, बाके, दफनभूमी, युद्धस्मारक, खेळाचे मैदान आणि सभागृह यांसारखी कामे. त्यांतही बहुतेक कामे ऐच्छिक आहेत. अपवाद म्हणून भाजीपाल्याच्या वाफ्यांचा उल्लेख करता येईल. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केल्यास आणि गरज असल्यास, १९०८ च्या कायद्यानुसार पॅरिशने शेतीसाठी लहान भूखंड उपलब्ध करून दिले पाहिजेत. साधारण अडीचशे चौरस मीटरच्या अशा तुकड्यावर बटाटे, घेवडा, कांदे पिकविणारी कुटुंबे आजही आहेत.

थोड्या पैशात होणारी कामे काही वेळा कल्पक असतात. दूरध्वनी कंपनीने वापरात नसलेल्या लाल दूरध्वनीपेट्या एका पौंडास देऊ केल्या, तेव्हा सॉमरसेटमधील वेस्टबरी-सब-मेंडिप या गावाच्या कौन्सिलने २००९ मध्ये आपली पेटी विकत घेतली आणि तेथे पुस्तकांची देवघेव सुरू झाली. फिरत्या वाचनालयाची फेरी बंद झाली होती, त्याची काही अंशी भरपाई या पेटीने केली.

सर्वांत जास्त वेळ जातो तो बांधकामाच्या अर्जांवर, आणि नेमका येथेच पॅरिशला अंतिम अधिकार नाही. अर्ज आल्याची सूचना तिला मिळते, सुमारे २१ दिवसांत ती आपले मत कळविते, निर्णय वरची कौन्सिल घेते. नव्या घरामुळे शेजाऱ्याचा सुंदर देखावा हरपतो किंवा त्याच्या घराची किंमत उतरते, असे आक्षेप विचारातच घेतले जात नाहीत. रहदारी, सांडपाणी, शेजाऱ्याच्या घरावर पडणारी सावली, ऐतिहासिक वास्तूस पोहोचणारी बाधा असे मुद्दे मांडले तरच त्यांना वजन येते. भावनेच्या भरात लिहिलेली अनेक निवेदने याच कारणाने निष्फळ ठरतात.

२०११ च्या कायद्याने यावर एक मार्ग उपलब्ध केला. पॅरिश कौन्सिलने आपल्या क्षेत्राचा विकास आराखडा स्वतः तयार करावा, त्याची स्वतंत्र परीक्षकाकडून तपासणी व्हावी, तो सार्वमतास टाकावा आणि बहुमत मिळाल्यास वरच्या कौन्सिलने अर्जांचा निर्णय त्याच्या आधारे करावा, अशी ही योजना आहे. असा पहिला आराखडा उत्तरेकडील कंब्रियातील अप्पर ईडन खोऱ्याचा. सतरा पॅरिशांनी मिळून तो केला आणि ७ मार्च २०१३ रोजी झालेल्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे दहांत नऊ जणांनी त्यास संमती दिली. अर्थात मतदान एक तृतीयांशच झाले होते. मेंढपाळांच्या या विरळ वस्तीत शेतकऱ्याच्या मुलास शेतावरच घर बांधता यावे, वृद्धांना गावातच राहता येईल अशी घरे व्हावीत, अशा साध्या मागण्या त्यात होत्या. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आइव्ह्ज येथे प्रश्न निराळा होता. सुटीसाठी घरे घेणाऱ्या बाहेरच्या लोकांमुळे स्थानिकांना घर परवडेनासे झाले. मे २०१६ मध्ये तेथील मतदारांनी मोठ्या बहुमताने ठरविले, की यापुढे बांधली जाणारी घरे कायम वास्तव्य करणाऱ्यांनाच मिळावीत. हे धोरण उच्च न्यायालयातही टिकले. मात्र जुनी घरे या नियमाच्या बाहेरच राहिली, आणि खरेदीदारांना तीच पुरेशी होती.

आराखड्याचा आर्थिक लाभही आहे. नव्या बांधकामांवर जेथे पायाभूत सुविधांचा कर घेतला जातो, तेथे त्यातील १५ टक्के वाटा पॅरिशला मिळतो. आराखडा मंजूर असल्यास तो २५ टक्के होतो.

रिकाम्या खुर्च्या

एवढी उघडी व्यवस्था असूनही तिची एक दुखरी बाजू आहे. कौन्सिलवर येण्यास माणसे पुढे येत नाहीत. अनेक गावांत जागांइतकेच किंवा त्याहूनही कमी अर्ज येतात. मग सर्व उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर होते आणि उरलेल्या जागा उपस्थित सदस्य स्वतःच्या पसंतीने भरतात. मधेच एखादी जागा रिकामी झाली, तर दहा मतदारांनी ठरावीक मुदतीत लेखी मागणी केल्याशिवाय पोटनिवडणूक होत नाही. मतदान झाले तर त्याचा खर्च पॅरिशच्या माथी येऊ शकतो, आणि लहान कौन्सिलला तो वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग वाटतो. म्हणून निवडणूक टळली की सुटकेचा निःश्वास टाकणारे लोकही आढळतात. आपल्याकडेही बिनविरोध निवडणुकीचे कौतुक केले जाते. परंतु एकमताने झालेली बिनविरोध निवड आणि कोणी उभेच न राहिल्याने झालेली बिनविरोध निवड या दोन भिन्न गोष्टी आहेत. सदस्यांना वेतन नसते, बैठका रात्री असतात, शेजाऱ्याच्या अर्जाविरुद्ध मत दिले तर दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच शेजाऱ्याशी गाठ पडते. तरुण कुटुंबे कामासाठी दूरच्या शहरात जातात. परिणामी बैठकीच्या खुर्च्यांवर बहुधा निवृत्त माणसेच दिसतात.

हा प्रश्न आता केवळ प्रातिनिधिकतेचा राहिलेला नाही, कारण वरून कामे खाली येऊ लागली आहेत. सॉमरसेटमधील चार डिस्ट्रिक्ट कौन्सिली व काउंटी कौन्सिल १ एप्रिल २०२३ रोजी एकाच कौन्सिलमध्ये विलीन झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या नव्या कौन्सिलने आर्थिक आणीबाणी जाहीर केली आणि सार्वजनिक स्वच्छतागृहांसारख्या सेवा टाउन व पॅरिश कौन्सिलींनी चालवाव्यात, अशी बोलणी सुरू झाली. स्वच्छतागृह गावाने घ्यावयाचे तर प्रीसेप्ट वाढतो, न घ्यावे तर त्याला टाळे लागते. आठवड्याला काही तास काम करणारा क्लार्क आणि पाचसात सदस्य यांनी हा निर्णय हिवाळ्यात, पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर करण्याच्या बैठकीत घ्यावयाचा असतो. त्या बैठकीची नोटीस तीन दिवस आधी फलकावर लागलेली असते.